पहिलेच कबुतर: लांब मान, दुभंगलेली छाती, तेलकट डाग

प्रश्न
म्हातारपणाने मेलेल्या माझ्या पाळीव कबुतराचे मी दोन महिन्यांपूर्वी चर्मपूरण केले. हा माझा पहिलाच प्रयत्न होता आणि कातडीत मावेल तेवढा कापूस मी भरला. आता मान बगळ्यासारखी लांब दिसते, छातीवरची पिसे मधोमध दुभंगून कातडी उघडी पडली आहे, डोळे वटारल्यासारखे वाटतात आणि पोटाच्या शिवणीजवळ पिवळसर तेलकट डाग उमटले आहेत. यातले काय दुरुस्त होऊ शकेल?

पहिले उत्तर
आपल्याकडे ‘पेंढा भरणे’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की नवशिका माणूस खरोखरच भरत सुटतो, आणि तुमच्या पहिल्या दोन्ही चुकांचे मूळ त्यातच आहे. ओली कातडी ताणाल तेवढी ताणते, म्हणून ती कधीच माप ठरत नाही. माप घ्यायचे ते सोललेल्या धडाचे आणि मानेचे. त्या मापाबरहुकूम लाकडाच्या बारीक तंतूंवर दोरा घट्ट गुंडाळून धड घडवायचे आणि कातडी त्यावर चढवायची. पिसे अंगभर उगवत नाहीत, ती ठरावीक पट्ट्यांतच असतात. धड वाजवीपेक्षा जाड झाले की त्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली उघडी जागा दिसू लागते. जिवंत पक्ष्याची मान पिसांखाली नागमोडी दुमडलेली असते, त्यामुळे आतल्या तारेला तसाच बाक द्यावा लागतो.

दुसरे उत्तर
वरील मताशी मी सहमत आहे. मात्र मला डागांची काळजी अधिक वाटते. ती कातडीला चिकटून राहिलेली चरबी आहे आणि हवेच्या संपर्काने ती जसजशी खवट होत जाईल तसतशी कातडी ठिसूळ होईल. टाकणखार (बोरॅक्स, कातडी टिकवण्यासाठी चोळायची पूड) चोळल्याने चरबी निघत नाही. आधी ती खरवडावी, मग कातडी भांडी घासण्याच्या द्रवसाबणाने कोमट पाण्यात धुऊन फेस संपेपर्यंत खळबळावी आणि थंड हवेच्या झोताने पिसे फुलेपर्यंत वाळवावी. टाकणखाराची पाळी त्यानंतर येते. शिवण उसवून आतून ओला कापूस ठेवल्यास वाळलेली कातडी पुन्हा मऊ होते, पण कबुतराची कातडी मुळातच पातळ असते आणि पिसेही पटकन सुटतात, तेव्हा घाई करू नये.

डोळ्यांचे कारण साधे आहे: पापण्या वाळताना आक्रसतात. काचेचा डोळा खोबणीत भरलेल्या मातीत थोडा खोल बसवून पापणीची कडा सुईने त्यावर ओढून घ्यावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परंतु धड मी तेव्हाच पुरून टाकले. आता माप कोठून आणावे?

पहिले उत्तर देणारे
तशाच बांध्याच्या कबुतराची बाजूने काढलेली छायाचित्रे समोर ठेवावीत आणि शंका आल्यास धड थोडे लहानच ठेवावे, कारण छातीवर थोडे तंतू नंतर वाढवता येतात, पण जाड धड कातडीतून पुन्हा बाहेर काढताना ती हमखास फाटते. पुढच्या वेळी धड पुरण्याआधी कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढून घ्या.