मदत हवी आहे: रोल केजच्या मागच्या पायांना तडे, जाड प्लेट टाकू का?

चिखलगाडी
पिकअपला रोल केज (गाडी उलटली तर माणूस वाचवणारा ट्यूबचा पिंजरा) बनवला आहे. ४५ × २.५ मिमीची सीमलेस ट्यूब, सहा पाय, सगळ्या पायांखाली ३ मिमीची १०० × १०० प्लेट. मागच्या दोन्ही पायांशी तडे गेलेत, डावीकडे जास्त. भरून घेतलं तर पुन्हा तिथेच उघडलं. ३ ऐवजी ६ मिमी प्लेट टाकली तर थांबेल का? आणि ६ मिमीला मिग (वायरचं वेल्डिंग) किती अँपिअरवर ठेवू? इव्हेंट तोंडावर आलाय, लवकर सांगा. ट्यूब बदला म्हणू नका, ती बदलणार नाही.

वेल्डरबुवा
तडा नेमका कुठे आहे ते आधी सांगा. बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) मधोमध असेल तर वेल्डच कच्चं. बीडच्या कडेने पत्र्याच्या बाजूला असेल तर वेल्ड ठीक आहे, पत्रा थकलाय. दोन्हींचे उपाय वेगळे. फोटो टाका, रंग खरवडून. डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारलंत तर आणखी बरं, तडा डोळ्याला दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

हलकाफुलका
४१३० क्रोमोली (मिश्रधातूचं पोलाद) वापरायला हवी होती. भिंत पातळ चालते, वजन वाचतं, ताकद जास्त. पुढचा केज करताना लक्षात ठेवा.

वेल्डरबुवा
@हलकाफुलका, त्याने पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय की ट्यूब बदलणार नाही. शिवाय क्रोमोलीची घनता आणि ताठरपणा साध्या पोलादाइतकाच. वजन वाचतं ते फक्त भिंत पातळ घेतली म्हणून. पातळ भिंत दगडावर आपटली की चेपते, आणि ऑफरोडला ते रोजचंच. वर ४१३० ला टिगच (मिगपेक्षा संथ, बारकाईचं वेल्डिंग) हवं.

हलकाफुलका
मिगनेही करतात लोक.

वेल्डरबुवा
करतात. बीडच्या कडेला भाग लवकर थंड होऊन ठिसूळ होतो तेही बघतात मग.

डिफलॉक
भांडण बाजूला ठेवा जरा. @चिखलगाडी, सिंगल केबिन की डबल? आणि मागचे पाय म्हणजे कुठले, केबिनमधले की हौद्यातले? लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी चॅसिस) आहे ना?

प्रकाशझोत
केजच्या वरच्या आडव्या ट्यूबला लाइट बार बसवायचा असेल तर टॅब आत्ताच वेल्ड करून घ्या, रंगानंतर फार त्रास होतो. टॅब ४ मिमीच्या ठेवा, ३ मिमीच्या थरथरतात.

चिखलगाडी
लाइट बारचं कोणी विचारलंय?
सिंगल केबिन, लॅडर फ्रेम. मागचे पाय अर्थातच हौद्यात. केबिनच्या मागच्या पत्र्याला भोकं पाडून बॅकस्टे (मागचे तिरपे आधार) बाहेर काढलेत, हौद्याच्या तळावर प्लेट वेल्ड केली आहे. सिंगल केबिनमध्ये दुसरीकडे जाणार कुठे ते? तडा पत्र्यात आहे, प्लेटच्या पुढच्या कडेला चिकटून. वेल्ड शाबूत. अँपिअरचं कोणीच सांगत नाहीये.

डिफलॉक
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर इतकी चौकशी लागली नसती.

तुमच्या गाडीत केबिन वेगळी, हौदा वेगळा आणि खाली चॅसिस तिसरी. केबिन रबरी माउंटवर बसते, हौदा चॅसिसला बोल्टने. तिरप्या जमिनीवर एक चाक वर आणि एक खाली गेलं की चॅसिस पिळते. हौदा तिच्याबरोबर जातो, केबिन रबरावर आपली जागा धरून राहते. दोघांच्या मधली फट कमीजास्त होताना मागून उभं राहून नुसत्या डोळ्यांनीही दिसते. तुम्ही नेमकं त्या फटीवरून ताठ ट्यूब टाकून दोन्ही टोकं आवळलीत. प्रत्येक खड्ड्याला ती ट्यूब हौद्याचा तळ ओढते आणि ढकलते, आणि साखळीत सगळ्यात पातळ तो तळाचाच पत्रा.

६ मिमी प्लेटने तडा थांबणार नाही, फक्त सरकेल. प्लेट जितकी जाड, तितकी तिच्या कडेशी पत्र्याची घडी तीक्ष्ण पडते. पुढच्या वेळी तडा नव्या प्लेटच्या कडेला मिळेल.

खात्री हवी असेल तर दोन्ही बॅकस्टे मागच्या पायाशी सुटे करा. डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक ठोकळ्यांवर चढवा. केबिन आणि हौदा यांतलं अंतर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मोजा. मग उलट कर्ण, पुन्हा मोजा. आकडे इथे टाका.

वेल्डरबुवा
निदान बरोबर. अँपिअरचंही सांगून टाकतो. ६ मिमीला १८० ते २०० च्या आसपास लागतात, पण तुम्ही प्लेट जोडताय ती जेमतेम १ मिमीच्या पत्र्याला. त्या सेटिंगवर पत्रा उडून जाईल. जोडात जो पातळ असेल त्याच्यावरून सेटिंग ठरतं, आणि मग जाड बाजूचा धातू वितळून एकजीव होत नाही. म्हणून पत्र्यावर नुसती प्लेट वेल्ड करायचीच नाही. वर एक, खाली एक अशी सँडविच करून बोल्ट मारायचे.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. १०० × १०० म्हणजे १०० चौरस सेंमी. एफआयएच्या (मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) अपेंडिक्स जे या नियमांमध्ये मेन हूपच्या (सीटमागच्या मुख्य कमानीच्या) पायाखालची प्लेट किमान १२० चौरस सेंमी आणि ३ मिमी, प्रत्येक पायाला किमान तीन एम८ बोल्ट, ग्रेड ८.८. ट्यूब मेन हूपला ४५ × २.५ किंवा ५० × २, बाकीला ३८ × २.५ किंवा ४० × २. तुमची ट्यूब बसते, मेन हूपची प्लेट बसत नाही. तपासणीला जाण्याआधी बदला. तुमच्या इव्हेंटचं नियमपुस्तक वेगळं असेल तर ते आधी उघडा.

रबरबँड
सोपा उपाय आहे. बॅकस्टे केबिनच्या मागे कापायचा, मध्ये पॉलीयुरेथेन बुश (रबरासारखी नळी) घालायचा, दोन्ही बाजूंनी ६ मिमीचे टॅब आणि एम१२ चा आरपार बोल्ट. हालचाल बुश खातो, तडे बंद.

डिफलॉक
तडे बंद होतील, पण मग बॅकस्टेचा उपयोग काय राहिला? गाडी नाकावर पालथी होताना मेन हूपला मागे जाण्यापासून अडवणारं काम त्याचंच. बुश तेव्हाही दबतो, हूप तेवढा वाकतो, छत तेवढं खाली येतं. एफआयएच्या नियमांत बॅकस्टे सरळ असावा, उभ्या रेषेपासून किमान ३० अंशांवर असावा आणि मेन हूपच्या वरच्या बाहेरच्या वळणाजवळून निघावा असं आहे. मध्ये बिजागरीसारखा बुश घातलेला केज तपासणीत पास होणं अवघड.

रबरबँड
नुसतं ट्रेलवर फिरायचं असेल तर कसली तपासणी?

वेल्डरबुवा
तो इव्हेंट म्हणालाय. वाचा तरी.

चिखलगाडी
मोजलं. सपाटीवर दोन्हीकडे २४ मिमी. एका कर्णावर डावीकडे १७, उजवीकडे ३०. उलट कर्णावर २९ आणि १८. मागचे पाय सुटे केल्यावर बॅकस्टेचं डावं टोक आपोआप ४ मिमी उचललं गेलं, म्हणजे ताण आधीपासूनच होता.
मग असं केलं तर? हौद्याच्या तळाला मोठी भोकं पाडतो, बॅकस्टे खाली चॅसिसला जोडतो. पुढचे चार पाय आहेत तसे केबिनच्या तळावर. हौदा मध्ये येतच नाही.

डिफलॉक
नको. हौदा काढलात, पण केबिन विरुद्ध चॅसिस ही मारामारी तशीच राहिली. तिथेच केवढी हालचाल आहे ते तुमचेच आकडे सांगतायत. आता मागचं टोक पत्र्याऐवजी चॅसिसला घट्ट, म्हणजे फाटणार केबिनचा तळ नाहीतर मागची भिंत. केज एकाच अंगाला धरायला हवा. सगळे पाय केबिनला किंवा सगळे चॅसिसला.

मी चॅसिसचा पक्षपाती आहे. क्रम असा:

मेन हूप आणि ए-पिलरचे (पुढच्या काचेशेजारच्या खांबांचे) पाय केबिनच्या तळातून खाली उतरवा. तळाचं भोक ट्यूबभोवती सगळीकडून २५ मिमी मोकळं, वर रबरी बूट. चॅसिसला पाय थेट टेकवू नका. रेलच्या (चॅसिसच्या लांब तुळईच्या) उभ्या बाजूवर ५ मिमीची लांब प्लेट, टोकं हिऱ्यासारखी निमुळती, आणि वेल्ड रेलच्या लांबीच्या दिशेने. रेलला आडवं छेदणारं वेल्ड घातलंत तर चॅसिस तिथेच चिरेल. वरची आणि खालची पट्टी अजिबात वेल्ड करायची नाही, कडेपासून निदान १५ ते २० मिमी सोडा. त्या प्लेटमधून आउटरिगर (आडवा हात) बाहेर काढून त्यावर पाय. बंद पेटीच्या रेलमधून आरपार बोल्ट नेत असाल तर आत स्लीव्ह (नळी) वेल्ड केल्याशिवाय आवळू नका, पेटी चेपते आणि बोल्ट कधीच टाइट राहत नाही.

केबिनची रबरं तशीच ठेवा. मात्र केज आणि ए-पिलर, छत, डॅशबोर्ड यांत सगळीकडे २५ मिमी अंतर हवं. कुठे एका ठिकाणी टेकला की खडखडाट, आणि काचेच्या चौकटीला टेकला तर पुढची काच तडकते.

सीट आणि बेल्ट दोन्ही केजवर घ्या. सीट तळावर आणि बेल्ट केजवर ठेवलात तर केबिन हलेल तसा बेल्ट ढिला-घट्ट होत राहतो.

वेल्डरबुवा
मी उलटं सांगेन. सगळं केबिनमध्ये ठेवा. केज, सीट, बेल्ट, माणूस एकाच पेटीत आणि ती पेटी रबरावर. केबिनचा तळ आणि छत एकत्र हलतात, तडा जायचं कारणच उरत नाही. २५ मिमी मोकळी जागा सोडायची म्हणजे सिंगल केबिनमध्ये डोक्याजवळची जागाच जाते. मोठ्या माणसाला हेल्मेट घालून बसता येणार नाही.

डिफलॉक
आणि बॅकस्टे? सिंगल केबिनमध्ये मेन हूप मागच्या भिंतीला जवळपास चिकटलेला असतो. ३० अंश कुठून आणणार?

वेल्डरबुवा
३० अंश येणार नाहीत, कबूल. हूपमध्ये पूर्ण एक्स (तिरप्या ट्यूबांची फुली), छतात एक्स, दोन्ही दरवाज्यांत एक्स, आणि ए-पिलरपासून मेन हूपपर्यंत खालून सिल ट्यूब. ट्रेलसाठी पुरेसं. स्पर्धेसाठी मी हे चालवून घ्या म्हणणार नाही. आणि केबिनचे माउंट बोल्ट, त्यांचे वॉशर नीट तपासा, उलटल्यावर सगळी पेटी त्यांच्यावर लोंबते.

चिखलगाडी
स्पर्धाच आहे. मग चॅसिस. पण केज आतच वेल्ड केलेला आहे, छताजवळचे जोड वरून पूर्ण झालेले नाहीत, वेल्डिंगची टॉर्च जात नव्हती. ते चालतील का?

वेल्डरबुवा
हे आत्ता सांगताय! नाही चालणार. जोड ३६० अंश भरलेलाच हवा. अर्धवट जोड उलटताना उघडतो तो न भरलेल्या बाजूने.

पण तुमचं काम आता सोपं झालं. तळाला पायांची भोकं पाडायचीच आहेत ना? पाय प्लेटपासून कापा, सगळा केज भोकांतून १०० ते १२५ मिमी खाली उतरवा. छताशी हात आणि टॉर्च दोन्ही जातील. बीड पूर्ण करा, मग केज वर उचलून आउटरिगरवर बसवा. कापण्याआधी प्रत्येक पायावर खूण आणि कर्णाची मापं घ्या. उचलल्यावर दोन्ही कर्ण २ मिमीच्या आत जुळले पाहिजेत.

फिशमाउथमध्ये (दुसऱ्या ट्यूबवर बसणाऱ्या कापलेल्या तोंडात) १ ते १.५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर वायरने भरत बसू नका, तुकडा नवीन काढा. बीड ग्राइंड करून गुळगुळीत करू नका. सुंदर दिसतं, पण तपासणारा तेच आधी बघतो आणि जोडाची जाडीही जाते.

हलकाफुलका
हीच वेळ आहे, वरचा भाग क्रोमोलीत...

वेल्डरबुवा
नाही.

हेल्मेटवाला
मधेच बोलतो, सगळे ट्यूबवरच आहेत म्हणून. डोक्याच्या आवाक्यातल्या प्रत्येक ट्यूबला एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय ४५.१ चं कडक पॅडिंग लावा. पाण्याच्या पाइपावर चढवतात तो मऊ फोम डोकं आपटताना शून्य काम करतो. ही गाडी रस्त्यावर बिनहेल्मेटची चालवणार असाल तर केज नसता तर बरं, अशी अवस्था होते. बाजूच्या पडदा एअरबॅग असतील तर उघडताना केजला अडतात, त्यांचं काय केलंय?

चिखलगाडी
जुनी गाडी आहे, एअरबॅग नाहीत. पॅडिंग घेतो. इंधनाची टाकी कुठवर मोकळी करावी लागेल? बॅकस्टेचे पाय तिच्या बरोबर वर येतायत.

डिफलॉक
"मोकळी" नाही, पूर्ण बाहेर काढा आणि गाडीपासून लांब नेऊन ठेवा. बहुतेक पिकअपला टाकी हौद्याखाली रेलच्या आतल्या बाजूलाच असते. इंधनाच्या आणि ब्रेकच्या लाइनी, वायरिंगचा हार्नेसही त्याच रेलवरून जातात, ५ मिमीच्या प्लेटची उष्णता पलीकडे पोहोचते. रेलच्या आतला अंडरकोट दोन्ही बाजूंनी हातभर खरवडा, तो पेटतो आणि धुमसत राहतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर सुटा करा, अर्थ क्लॅम्प जोडाच्या शक्य तितका जवळ लावा. काचांवर ओलं जाड कापड टाका, स्पॅटरचे (उडालेल्या वितळत्या धातूचे) ठिपके काचेवरून निघत नाहीत. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि काम संपल्यावरही तासभर गाडीपाशी कोणीतरी थांबा.

हौद्यातले जुने तडे तसेच सोडू नका. टोकाशी ३ मिमीचं भोक पाडून मग पत्र्याचा तुकडा बसवा, नाहीतर केज सुटा झाला तरी तो वाढत जाईल.

चिखलगाडी
तळाची भोकं होल सॉने (गोल करवतीने) करू की प्लाझ्मा कटरने?

रबरबँड
होल सॉ. प्लाझ्माची कड गंजते.

वेल्डरबुवा
९५ मिमीचा होल सॉ बरोबर बसेल, ४५ ची ट्यूब आणि दोन्हीकडे २५. पण भोक तिरकं लागेल हे लक्षात ठेवा. ए-पिलरचा पाय झुकलेला असतो, त्यामुळे पुढे-मागे लांबट करावं लागतं. आधी पुठ्ठ्याचा साचा काढा. आणि कापलेल्या कडेला प्रायमर मारल्याशिवाय बूट चढवू नका.

प्रकाशझोत
लाइट बारचे टॅब मात्र केज खाली उतरलेला असतानाच घाला, नंतर छताशी हात जात नाही.