वॉलबीचं मटण काळ्या मसाल्यात कोणी केलंय का? (आणि रायफलीचं काय?)

अमळनेरकर_परदेशी
रामराम मंडळी. मूळ गाव अमळनेरजवळ, सध्या न्यूझीलंडला साऊथ कँटरबरीत वायमाटेच्या बाजूला डेअरी फार्मवर कामाला आहे. इकडे हंटर्स हिल्सच्या डोंगरात वॉलबी एवढ्या माजल्यात की रात्री गाडीचा लाइट पडला की कुंपणाला लागून नुसते डोळे चमकतात. दिसायला लहान कांगारूच. १८७४ मध्ये कोणीतरी हौसेनं ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरून आणून सोडल्या, आता शेतकऱ्यांनी डोक्याला हात लावलाय, तीन वॉलबी मिळून एका मेंढीचं गवत फस्त करतात असा इकडचा हिशोब. तर आमचा मालक म्हणतो शनिवारी रात्री चल माझ्याबरोबर, एखादी तुला देतो, शिजव घरी. मटण खायचं मला वावडं नाही पण माझ्याकडे बंदुकीचं लायसन नाही, मग मी गोळी झाडली तर चालतं का? मांस उग्र असतं का? आणि आपला काळा रस्सा होईल का त्याचा? आईनं दिलेला मसाला बरणीच्या तळाशी गेलाय म्हणून आधी विचारतोय, वाया घालवायचा नाही. रूममेट पंजाबी आहे, तो म्हणतो बटर टाक.

धुळ्याचा_नेमबाज
भाऊ मीपण क्राइस्टचर्चकडेच आहे. लायसन नसलं तरी लायसनवाल्याच्या थेट देखरेखीखाली झाडता येतं, पण देखरेख म्हणजे तो हाताच्या अंतरावर पाहिजे आणि त्या वेळी त्याच्या स्वतःच्या हातात दुसरी बंदूक नको. दोघं दोन रायफली घेऊन दोन बाजूला गेले तर तू कायद्यात बसत नाहीस, हे मालकाला आधीच सांग, लाजू नको. पुढे मागे आवड लागली तर लायसन काढून घे, लेखी परीक्षा असते, प्रात्यक्षिक असतं, ओळखीच्या लोकांना विचारतात, घरी कुलपाचं कपाट बघायला येतात. २०१९ च्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर सेमी-ऑटोमॅटिक (आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या) बहुतेक सगळ्या बंद झाल्या, त्यामुळे बोल्ट ॲक्शनच, म्हणजे प्रत्येक गोळीला हातानं खटका ओढायची रायफल, मिळेल हातात, आणि तीच बरी, एक गोळी नीट मारायची सवय लागते.

वायमाटेकडची बेनेट वॉलबी, नर पंधरा-वीस किलोचा भरतो, त्याला टू-टू-थ्री (.२२३) गोळीची रायफल पुरते. साधी, कमी ताकदीची टू-टू (.२२) घेऊन लांबून मारू नको, जखमी होऊन झुडपात जाते आणि मग रात्रभर शोध. डोकं नाहीतर छाती. पोटात लागली की आतड्यातली घाण मांसाला लागते, ते मांस सोडून दे. थर्मल स्कोपमध्ये (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणाऱ्या दुर्बिणीत) नुसती पांढरी आकृती दिसते, ती वॉलबी आहे का मेंढीचं कोकरू का माणूस हे पक्कं झाल्याशिवाय बोट ट्रिगरवर जायला नको, आणि तिच्या मागे काय आहे तेही बघ. मालकाची जमीन आहे म्हणून रात्रीचं चालतंय, संवर्धन खात्याच्या जमिनीवर परमिट लागतं आणि रात्री शिकार बंद.

आता जी गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती सांगतो. मादी पडली तर लगेच तिची पिशवी बघायची. पिल्लू असलं तर ते तिथल्या तिथे, झटक्यात संपवावं लागतं. घरी आणून बाटलीनं दूध पाजू असं मनात येतं, पण जिवंत वॉलबी पाळणं किंवा इकडून तिकडे नेणं तिथे गुन्हा आहे, आणि तसंच टाकून आलं तर ते उपाशी तडफडत मरतं. हे जमणार नसेल तर शनिवारी जाऊच नको, मांस मालकाकडून मागून घे. मी वाईट सांगत नाही, बघून ठरव.

यावलचा_पाटील
वाचायला मजा आली पण एक सांगतो, हे वाचून इकडच्या पोरांनी डोकं चालवू नये. आमच्याकडे मक्यात रानडुकरं आणि हरभऱ्यात रोही घुसतात, एका रात्रीत वावर झोपवतात, राग आम्हालापण येतो. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, डुक्कर काय, ससा काय, तितर काय, घोरपड काय, मारलं की गुन्हा आणि मांस घरात सापडलं तरी गुन्हा, २०२२ च्या दुरुस्तीत दंड अजून वाढवलाय. पिकाचं नुकसान असेल तर वनखात्याकडे अर्ज, परवानगी मिळाली तरच पुढचं, आणि तेव्हासुद्धा ते मांस आपल्या ताटात येत नाही. तिकडे बाहेरून आलेलं जनावर म्हणून सरकारच म्हणतं मारा, आपल्याकडे ती मूळची इथलीच. फरक आहे बुवा.

सातपुड्याचा_वारा
पाटील, कुणी म्हटलं का इकडे मारा म्हणून? त्यानं रस्सा विचारलाय, तुम्ही कलमं वाचून दाखवताय.

यावलचा_पाटील
मागच्या धाग्यात कुणी काय लिहिलं होतं ते मी वाचलंय, म्हणून सांगितलं. असो. रस्सा चालू द्या.

होबार्टची_वहिनी
मी पाचोऱ्याची, लग्नानंतर टास्मानियात. आमच्याकडे वॉलबी खाटकाच्या दुकानात मिळते त्यामुळे शिकारीचं मला विचारू नका, शिजवण्याचं विचारा.

उग्र अजिबात नसते. बोकडापेक्षा सौम्य, रंगाला मात्र गडद लाल. खरी अडचण चरबीची, नावालासुद्धा नसते, त्यामुळे आपण मटणाला जशा धडाधड शिट्ट्या काढतो तशा काढल्या की चामडं होतं नाहीतर भुसा. पाठीच्या कण्याला लागून दोन लांब पट्ट्या असतात त्या रश्श्यात टाकायच्याच नाहीत, तव्यावर परतायच्या. रश्श्याला मागच्या मांड्या. त्याच्यावरचा पांढरा पापुद्रा सुरीनं नीट सोलून काढ, कंटाळा करू नको, चिवटपणा सगळा त्याच्यातच. मग दही, आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये.

मसाला आपला नेहमीचाच, कांदा आणि खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजायचं. तेल मात्र नेहमीपेक्षा सढळ हातानं घाल कारण मांस स्वतःचं काहीच सोडत नाही, तर्री येणार ती तुझ्या तेलाचीच. आणि कुकर नको, जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, वरून गरम पाणी घालत. दीड-दोन तास धर. मसाला कमी असेल तर निम्माच घाल, बोकडाएवढा लागत नाही, नाहीतर मांसाची चवच लागणार नाही.

कच्चट ठेवू नको हं. या जनावरांना टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूचा संसर्ग फार होतो, मांजरांमुळे पसरतो, म्हणून आत गुलाबी राहायला नको, पट्टीसुद्धा पूर्ण शिजव. घरात कोणी गरोदर असेल तर तिला कच्चं मांस हाताळायलाही देऊ नको. गोळीच्या जखमेच्या आजूबाजूचं मांस सढळ हातानं कापून टाकून दे, शिशाचे बारीक कण लांबवर जातात.

धुळ्याचा_नेमबाज
वहिनींनी बरोबर सांगितलं. त्याला एक जोडतो, त्या भागात विष टाकलंय का ते मालकाला नक्की विचार, वॉलबी मारायला १०८० नावाचं विष वापरतात, तशा ठिकाणचं मांस खायचं नाही. आणि पडल्यावर फोटो काढत बसू नका, आधी आतडी काढा, कातडी सोला, सावलीत टांगून गार होऊ द्या. मांस बिघडतं ते तिथेच, मसाल्यानं नंतर काही दुरुस्त होत नाही. घरी खा, मित्रांना खाऊ घाल, पण विकू नको, तपासणीशिवाय शिकारीचं मांस विकायला मनाई आहे.

अमळनेरकर_परदेशी
भारी माहिती दिली सगळ्यांनी. पिल्लाचं वाचून जरा थांबलो. मालकाशी बोललो, तो म्हणाला तू टॉर्च धर, गोळी मी मारतो, पिशवीपण मीच बघतो. सोलायला मात्र मी आहे. वहिनी, शेपटी टाकून द्यायची का? मालक म्हणतो कुत्र्याला घाल.

होबार्टची_वहिनी
अरे कुत्र्याला कशाला! जनावरातला सगळ्यात चिकट, रसदार भाग तोच. सांध्या-सांध्यावर तुकडे कर, वेगळ्या पातेल्यात तीन तास तरी उकळ, आणि ते पाणी रश्श्यात वापर. भाकरीला पीठ आहे का तुझ्याकडे? ज्वारी नसेल मिळत तर टिमारूला एखादं इंडियन दुकान असेल तिथे बाजरीचं बघ. आणि बटर नको, पंजाब्याला सांग वहिनी नाही म्हणाल्या.