‘वेधशाळा’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : आयर्लंडमध्ये इ.स.पू. ३२०० च्या सुमारास बांधलेल्या न्यूग्रेंजसारख्या वास्तूला मराठीत ‘प्राचीन वेधशाळा’ म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. ‘वेध’ हा शब्द ‘व्यध्’ म्हणजे भेदणे या धातूपासून आला असून, नजर किंवा यंत्र नेमके रोखून ग्रहताऱ्यांचे स्थान मोजणे हा त्याचा खगोलशास्त्रातील अर्थ आहे. सवाई जयसिंगाने १८ व्या शतकात दिल्ली, जयपूर व उज्जैन येथे उभारलेल्या वास्तू या अर्थाने वेधशाळाच होत. न्यूग्रेंजमध्ये मात्र हिवाळ्यातील अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या, आसपास उगवत्या सूर्याचा प्रकाश दारावरच्या झरोक्यातून शिरून सुमारे १९ मीटर लांबीच्या मार्गाने आतल्या दालनात पोहोचतो आणि त्याच दालनात मृतांच्या जळालेल्या अस्थी सापडल्या आहेत. बांधणाऱ्यांनी सूर्योदयाची दिशा बारकाईने पाहिली होती हे उघड आहे. तरीही ती वास्तू मृतांसाठी होती. तिला ‘अयनाभिमुख समाधी’ म्हणणे अधिक नेमके होईल.

पुरवणी : वरील मत मान्य आहे, परंतु त्यावरून वेध आणि विधी या वेगळ्या गोष्टी आहेत असा समज होऊ नये. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदीच्या मोजमापांवरील प्राचीन ग्रंथात वेदीसाठी दिशा ठरवण्याची रीत दिली आहे : सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ उभी खुंटी, रोवून त्याच्याच लांबीच्या दोरीने भोवती वर्तुळ काढायचे, शंकूच्या छायेचे टोक सकाळी व दुपारनंतर वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खुंट्या ठोकायच्या आणि त्यांना जोडणारी रेषा ‘प्राची’, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा, मानायची. इथे शाळा नाही, पण वेध अगदी खरा आहे, आणि तो घेतला जातो तो यज्ञासाठीच.

मराठीत तर हा शब्द घराघरांत विधीच्याच अर्थाने वावरतो. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी, आणि त्या काळात भोजन वर्ज्य मानतात. अरुणोदयाच्या वेळी, म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या चार घटकांत (सुमारे दीड तासात), दशमी असेल तर ती एकादशी ‘दशमीविद्धा’, म्हणजे दशमीचा वेध लागलेली, ठरते आणि भागवत (वैष्णव) लोक ती न धरता दुसऱ्या दिवशी उपवास करतात. म्हणून पंचांगात कधी कधी स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठच्या दिवशी दिसतात.

‘वेधशाळेचा अंदाज’ म्हटले की आज मात्र पाऊसच आठवतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये खगोलीय निरीक्षण आणि कालमापन यांसाठी स्थापन झाली, पण पुढे ती हवामानासाठीच लोकांना माहीत झाली. त्यामुळे आकाशनिरीक्षणाविषयी लिहिताना ‘खगोलीय वेधशाळा’ असे स्पष्ट लिहिणे बरे.