श्वसन की गंध, हिरडी की टाळू? नाकातोंडाच्या अस्तरांच्या स्लाइड कशा ओळखायच्या

प्रश्न: बीडीएस_पहिलं_वर्ष
प्रॅक्टिकलला एच अँड ई (केंद्रकं निळी आणि बाकी भाग गुलाबी करणारी नेहमीची पद्धत) रंगवलेल्या स्लाइड येतात: नाकातलं श्वसन अस्तर, गंध अस्तर, हिरडी, कठीण टाळू आणि गाल. आकृत्या येतात, पण प्रत्यक्षात दोन जागी अडतं. नाकाच्या दोन्ही अस्तरांत केंद्रकं एकावर एक दिसतात. त्यात सिलिया (पेशींच्या टोकावरचे बारीक केस) झडलेल्या असल्या की काय धरायचं? आणि हिरडी नि टाळू दोन्हींवर केराटिन (वरचा कडक थर) असतं, मग फरक कशावरून करायचा?

उत्तर १: हाय_पॉवर
सिलियांवर विसंबू नका, त्या सगळ्यात आधी जातात. गॉब्लेट पेशी (म्यूकस म्हणजे चिकट द्रव बनवणाऱ्या) शोधा. त्यांचा म्यूकस एच अँड ईमध्ये रंग धरत नाही, म्हणून त्या पांढऱ्या, रिकाम्या पेल्यासारख्या दिसतात. पीएएस (म्यूकस रंगवणारी वेगळी पद्धत) केलेलं असेल तर त्याच गडद किरमिजी होतात. श्वसन अस्तरात त्या असतात, गंध अस्तरात नसतात.

गंध अस्तर जाड असतं, साधारण ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात केंद्रकांचे पट्टे पडलेले दिसतात: वर आधारपेशींची लांबट केंद्रकं, मध्ये रुंद पट्ट्यात चेतापेशींची गोल केंद्रकं, तळाशी बेसल पेशी. तरी शंका राहिली तर एपिथेलियम (वरचा पेशींचा थर) सोडून खाली बघा, उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं. बोमन ग्रंथी (गंध अस्तराखालच्या खास ग्रंथी) आणि फिकट चेतातंतूंचे जुडगे दिसले की गंध. मोठ्या, पातळ भिंतीच्या शिरा दिसल्या की श्वसन, त्यातही बहुधा खालचं टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा हाडाचा वळलेला उंचवटा). या शिरांना विद्यार्थी ग्रंथी समजतात किंवा रक्तस्राव झालाय म्हणतात. सर्दीत नाक चोंदतं ते याच शिरा फुगल्यामुळे.

प्रौढ माणसात गंध अस्तर सलग नसतं, मधे मधे श्वसन अस्तराची बेटं असतात. कडेला एखादी गॉब्लेट पेशी दिसली म्हणून उत्तर बदलू नका.

उत्तर २: मुखविकृती
हिरडीवर बहुतेक वेळा पॅराकेराटिन असतं, म्हणजे वरच्या गुलाबी थरात चपटी केंद्रकं शिल्लक राहिलेली दिसतात. टाळूवर ऑर्थोकेराटिन: थरात केंद्रकं नाहीत आणि त्याखाली दाणेदार थर स्पष्ट. पण खात्री सबम्युकोसावरून (अस्तराखालचा सैल थर) करा. हिरडीला सबम्युकोसा नसतो, ग्रंथीही नसतात. लॅमिना प्रोप्रिया (एपिथेलियमला लागून खालचं संयोजी ऊतक) थेट हाडाला चिकटलेली. टाळूच्या बाजूंना सबम्युकोसा असतो, पुढे चरबी, मागे म्यूकस ग्रंथी. टाळूच्या मध्यरेषेत मात्र तो नाही, त्यामुळे तुकडा तिथला असेल तर ही खूण चालणार नाही. तिथे केराटिनवरच ठरवा.

गालावर केराटिन नसतं. एपिथेलियम सुमारे ५०० मायक्रॉन जाड, वरच्या पेशी ग्लायकोजेनमुळे फिकट, खाली लाळग्रंथी आणि स्नायू. मधेच तैलग्रंथी दिसली तर घाबरू नका, ते फोर्डाइसचे ठिपके, नॉर्मल असतात. दात मिटतात त्या रेषेत गालावरही केराटिन येतं, तेवढं लक्षात असू द्या.

उत्तर ३: मायक्रोटोम
अर्धा गोंधळ कापण्यातून होतो. तुकडा तिरका कापला गेला की एपिथेलियमच्या मधोमध संयोजी ऊतकाची गोल बेटं दिसतात, आणि एपिथेलियमची टोकं खाली सुटी पडल्यासारखी वाटतात. नवखा माणूस त्याला कॅन्सर आत शिरलाय असं समजतो. उपाय सोपा आहे. तुकडा काढल्यावर कापलेली बाजू खाली ठेवून फिल्टर पेपरवर मिनिटभर चिकटू द्या, वाळू देऊ नका, मग कागदासकट १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाका. मेणात बसवताना तुकडा कडेवर उभा करा आणि ४-५ मायक्रॉनचे काप घ्या.

टर्बिनेटच्या तुकड्यात हाड असतं, ते कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढून मऊ करावं लागतं. घाईने नायट्रिक अॅसिडमध्ये जास्त वेळ ठेवला तर केंद्रकं निळा रंगच घेत नाहीत. ईडीटीएला (कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन) दिवस, कधी आठवडे लागतात, पण केंद्रकं टिकतात.

प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार! गालाच्या एका स्लाइडमध्ये एपिथेलियम अगदी पातळ, रेटे पेग्ज (एपिथेलियमची खाली उतरलेली टोकं) सपाट आणि खाली एकसंध गुलाबी पट्टा आहे. हा कापण्याचा दोष का?

मुखविकृती
नाही, ही ओरल सबम्युकस फायब्रोसिसची स्लाइड वाटते. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांत हे दिसतं. तो गुलाबी पट्टा म्हणजे घट्ट झालेलं कोलॅजन, त्यात पेशी आणि रक्तवाहिन्या कमी. तोंड उघडेनासं होतं ते यामुळे. आता हाय पॉवर लावून बेसल थर नीट बघा: केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी असतील किंवा पेशीविभाजन वरच्या थरांत दिसत असेल, तर उत्तरात डिस्प्लेशिया (पेशींचा कॅन्सरच्या दिशेने जाऊ शकणारा बिघाड) लिहायलाच हवा.