मंगल कार्यालयाच्या दारावर माणसांचा आकडा रंगवावा का?

सक्करदऱ्याचा सिव्हिल:
आपल्या नागपुरात लग्नसराई तोंडावर आहे म्हणून विषय काढतो. हॉल बुक करताना सगळे एकच विचारतात, "ताटं किती?" माझं म्हणणं, प्रत्येक बंदिस्त हॉलच्या दारावर जास्तीत जास्त किती माणसं, हे ठळक रंगवलेलं असावं.

हिशोब अवघड नाही. समजा ६० बाय ४० फुटांचा हॉल. २४०० चौ. फुटांतून स्टेज, बुफे, सोफे वजा केले की उरले १८००. दाट खुर्च्यांच्या कार्यक्रमाला माणशी ७ चौ. फूट धरतात, टेबलं लावून जेवायला १५. म्हणजे २५७ किंवा १२०. हा जमिनीचा आकडा. आता दारं. चार-चार फुटांची दोन. त्यातलं एक अडलं असंच धरायचं, आग दार पाहून लागत नाही. ब्रिटनमध्ये स्टेडियमच्या सपाट वाटेला मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं धरतात, त्या हिशोबानं चार फुटांतून साधारण १००. अडीच मिनिटांत हॉल रिकामा करायचा तर २५०. दोन्हींतला लहान आकडा दारावर लिहायचा.

महालचा मांडववाला:
भाऊ, कागदावर सगळं बरोबर हाय. पण लग्नात माणसं सिनेमासारखी बसून राहते का? येते, अक्षता टाकते, जेवते, चालले जाते. पत्रिका ८०० वाटल्या तरी एका टायमाला हॉलमधी किती, हे नवरीच्या बापालेही सांगता येत नाही. मंग मोजणार कोण? दारात नवरीच्या मामाले थांबवू का, "थांबा, तुमचा नंबर २५१ वा" म्हणून? आकडा रंगवला तं उद्या फक्त दंडाची पावती फाडाले कामी येईन.

धंतोलीकर:
मोजणी होणार नाही हे मान्य, पण म्हणून आकडाच नको? २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं मालकाला दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. तो कागद ऑफिसच्या फाइलीत असतो. पाहुण्याला तो कधी दिसतो?

इतवारीची ताई:
मी मांडववाल्या दादांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. आकड्यानं खोटा धीर येतो. १९९७ साली दिल्लीत उपहार सिनेमात ५९ माणसं गेली. तिथे बाल्कनीत जास्तीच्या खुर्च्या टाकून वाट अडवली होती. आपल्याकडे मागच्या दारासमोर फुलांची भिंत नाही तर सेल्फी पॉइंट उभा करतात. दार नकाशात असतं, हॉलमध्ये नसतं. मग तुमचे ते २५० कुठून निघणार? आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, त्या मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुका भेटतात तेव्हा नेहरू पुतळ्याजवळ कोणत्या दारावर आकडा लिहाल?

सक्करदऱ्याचा सिव्हिल:
ताई, फुलांची भिंत हाच तर माझा मुद्दा. ती उभी केली की एकच दार उरलं, आणि तेही अडलं असं धरलं तर आकडा शून्य. असा हॉल द्यायचाच नाही.

मारबतीला आकडा लावता येत नाही, कबूल. पण उघड्यावरही दारं असतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला इथल्या विधानभवनाजवळ गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. बायका-मुलंच जास्त. तो हॉल नव्हता, भर शहरातला रस्ता होता. माणसं दाटली आणि निघायला वाट नसली की रस्त्याचीही खोली होते. चौरस मीटरमागे पाचाच्या वर माणसं गेली की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. रस्त्यावर किती मावतात यापेक्षा बॅरिकेड कुठे आणि गल्ल्या उघड्या किती, हेच आधी बघायला पाहिजे.

धंतोलीकर:
मोजणीवर एक उपाय. माणसं मोजूच नका, खुर्च्या मोजा. २५० चा हॉल तर २५० च्या वर खुर्ची आत जाणार नाही. ते डेकोरेशनवाल्याच्या चलानवरच येतं.

महालचा मांडववाला:
म्हणजे शेवटी गळ्यात आमच्याच! पार्टी म्हणते अजून शंभर खुर्च्या लावा. मी नाही म्हटलं तं बाजूचा लावून देते, वरून हजार रुपये कमीत. दार मोकळं ठेवाले मी तयार हाय, पडदाही लावणार नाही. पण खुर्च्यांचं बंधन हॉल मालकाच्या बुकिंगच्या पावतीवर छापा. माह्या चलानवर नाही.

इतवारीची ताई:
पावतीवर छापलं तर मीसुद्धा तुमच्या बाजूनं, सिव्हिलभाऊ. दारावर रंगवून मात्र काही होणार नाही, तिथे तोरणच बांधतात.