दिवाळी ते इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) मधले पणजीतले निवांत दिवस, तुम्ही कसे घालवता?

नवी_मळेकरीण:

नमस्कार मंडळी. जूनमध्ये मुंबईहून ट्रान्सफर होऊन पणजीला आले, इथल्या मळा नावाच्या भागात भाड्याने राहते, ऑफिस जवळच्या पाटो भागात, त्यामुळे चालतच जाते येते. पावसाळा सगळा खिडकीतून बघण्यात गेला. मग चवथ, दसरा, मग नरकासुर, आमच्या गल्लीतल्या पोरांनी तो रात्रभर जागून उभा केला आणि पहाटे जाळला. घरमालकीण बाईंनी मला पायाखाली कारीट फोडायला लावलं आणि पाच प्रकारचे फोव (पोहे) खायला घातले. नुकतीच व्हडली दिवाळी पण झाली, तुळशीला ऊस लावून, चिंचा आवळे बांधून लग्न लावलं.

आणि त्यानंतर गेले चार-पाच दिवस सगळं एकदम सैल पडल्यासारखं झालंय. बाजारात गर्दी नाही, गाड्या कमी, दुपारी एक ते साडेतीन दुकानं बंद असतात तेव्हा तर रस्त्यावर झाडूचा आवाजसुद्धा लांबून येतो. काल ऑफिसमधून सहाला निघाले तर ओरेंच्या खाडीवर सूर्य बुडालेला पण उजेड अजून होता, खाडीच्या कडेला बसून राहिले, समोर एक बगळा पाण्यात उभा, तोही हलत नव्हता आणि मीही नाही. घरी पोचले तर साडेसात. मुंबईत अठरा वर्षं ठाणे-सीएसएमटी केलंय, कामाशिवाय कुठे दहा मिनिटं बसल्याचं आठवत नाही.

ऑफिसमधले सगळे म्हणतात थांब, डिसेंबर येऊ दे, मग बघ पणजीची मजा. पण मला हेच आवडतंय, हे संपू नये असं वाटतंय. तुम्ही जुने लोक हे दिवस कसे घालवता? कुठे जाता, किती वाजता? माझ्याकडे गाडी नाही, चालत किंवा बसने जमेल असं सांगा प्लीज.

---

आल्तिनोची_पायरी:

बाय, हा प्रश्न कोणीतरी विचारला याचाच आनंद झाला. मी साठ वर्षं पणजीत आहे, शाळेत शिकवायचो, आता रिटायर. तू म्हणतेस ते दिवस मोजकेच असतात बघ. तुळशीच्या लग्नापासून सुरू होतात आणि २० नोव्हेंबरला इफ्फी लागली की संपतात. इफ्फी २००४ पासून इथेच होते, तेव्हापासून हे वेळापत्रक पक्कं झालंय. तिच्या पाठोपाठ २४ पासून जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या (सणाच्या) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, ३ डिसेंबरला फेस्त, ८ ला आपल्या पणजीच्या इगर्जीचं (चर्चचं) फेस्त, मग नाताळ, मग ३१ तारीख, मागीर जानेवारी संपेपर्यंत श्वास नाही. आणि ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी दिवाळी पुढे सरकते आणि ही फट अजून अरुंद होते. २०२३ ला अधिक श्रावण होता, दिवाळी १२ नोव्हेंबरला आली आणि आठवड्याभरात इफ्फीचे मांडव, त्या वर्षी मला शरद ऋतू भेटलाच नाही म्हणायला हरकत नाही. म्हणून ज्या वर्षी चांगले दोन-तीन आठवडे मिळतात त्या वर्षी मी एक दिवस सोडत नाही.

तुला गाडी नाही ते बरंच आहे. तू मळ्यातच राहतेस ना, मग मारुतीच्या देवळाकडे पायऱ्या चढून जा, पण सकाळी साडेसहाला, सूर्य साधारण सहा पस्तीस-चाळीसला उगवतो सध्या. त्या वेळी वारा जमिनीवरून येतो, मतलई वारा, घाटाकडचा, कोरडा आणि गार. दहा-अकरा वाजले की तोच वारा फिरतो आणि समुद्रावरून खारा दमट वारा सुरू होतो, मग घाम. नोव्हेंबरात दुपारी पारा ३२-३३ ला जातोच, त्यामुळे इथे थंडी पडली वगैरे कोणी सांगितलं तर ती फक्त पहाटेची हे लक्षात ठेव. पण ती पहाट इतकी छान असते की काय सांगू. रात्री बाहेर ठेवलेल्या स्कूटरच्या सीटवर दव साचलेलं असतं, बोट फिरवलं की रेघ उठते. ऑक्टोबरमध्ये ते नसतं, ज्या सकाळी पहिल्यांदा दिसतं त्या दिवशी मी बायकोला सांगतो की पाऊस खरा गेला आता.

आणि संध्याकाळी नाक उघडं ठेव. सातवीण फुललीय आता. आमच्या वाटेवर दोन झाडं आहेत, दिवसा नुसतं झाड दिसतं, काळोख पडला की सगळ्या उतारावर तो वास उतरतो. काहींचं डोकं दुखतं त्याने, मला तो वास आला की शाळेतली सहामाही संपल्याची आठवण येते, पेपर तपासून टाकलेले असायचे आणि हातात काही नसायचं.

पाटोला ऑफिस आहे तर सेंट्रल लायब्ररी तुझ्या शेजारीच आहे, संस्कृती भवनात. १८३२ सालची संस्था आहे ती. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास जा, मराठी पेपर, मासिकं सगळं मिळतं, या दिवसात खिडकीजवळची खुर्ची हमखास रिकामी मिळते.

---

चोडणची_फेरी:

ताई तुम्ही रायबंदरला या!! पणजीहून जुन्या गोव्याची रायबंदरवरून जाणारी बस पकडा, दहा-पंधरा मिनिटात फेरीधक्का. मी रोज चोडणहून येजा करते कामाला, पंधरा वर्षं झाली, फेरीबोटीला लोक कंटाळतात मला नाही कंटाळा येत.

बसमध्ये डावीकडची खिडकी घेतली तर मांडवी दिसते, उजवीकडची घेतली तर मिठागरं आणि खारफुटी. हा जो सरळ रस्ता आहे ना पणजी ते रायबंदर तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला पूल आहे, पोंति द लिन्हारिस, तीन किलोमीटरच्या वर लांब, लोक त्यावरून रोज जातात आणि बऱ्याच जणांना तो पूल आहे हेच माहीत नसतं कारण दोन्ही बाजूला भर पडलेली. मिठागरांत आत्ता मीठ नाही, ते उन्हाळ्यात, आत्ता तिथे नुसतं पाणी असतं आणि पाण्यात पक्षी. थंडीचे पाहुणे आलेत. राखी धोबी असतो एक, पोट पिवळं, शेपटी सारखी वरखाली वरखाली, आमच्या चोडणच्या धक्क्याच्या सिमेंटवर तो रोज सकाळी चालत असतो, बोटीचं फळकूट आपटलं की दोन हात लांब उडतो आणि परत येतो. उन्हाळ्यात तो नसतो, आला की मला कळतं सीझन बदलला.

पलीकडे उतरलात की लगेच सलीम अली पक्षी अभयारण्य, छोटंसं आहे, पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. ओहोटी बघून जा, चिखल उघडा पडतो तेव्हा चिखलावर खेकडे आणि तुतारी पक्षी दिसतात, भरतीला नुसती झाडं आणि पाणी, पण तेही छान वाटतं. जास्त बोलत जाऊ नका म्हणजे खंड्या जवळ येतो.

आणि २४ तारखेच्या आत या. नोव्हेना सुरू झाल्या की हा रस्ता पॅक. २०२४ ला सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या वेळी तर विचारू नका, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी, मला घरी पोचायला रोज उशीर. भाविक येणारच, त्यांच्यासाठी दहा वर्षांनी येणारी गोष्ट ती, तक्रार नाही. फक्त सांगते की निवांतपणा हवा असेल तर आधी या.

---

कोंबवाडो:

पणजीवाले नेहमी पणजीचंच सांगतात 😊 मडगावचं पण ऐका. आमच्याकडे कार्तिक म्हणजे दिंडी. मालभाटच्या हरिमंदिरातून निघते आणि कोंबच्या विठ्ठल मंदिरापर्यंत येते, वाटेत जागोजागी थांबून गाण्याच्या बैठकी, बाहेरचे मोठमोठे गायक येतात, रस्त्यावर सतरंज्या घालून लोक बसतात आणि अभंग ऐकतात, पोचायला पहाट होते. गर्दी म्हणाल तर भरपूर, पण घाई कोणालाच नसते. माझ्या मते निवांत याचा अर्थ माणसं नसणं असा नाही. शेकडो माणसं एका रस्त्यावर पाय मोडून बसलीयत आणि कोणीच घड्याळ बघत नाही, मला तर यापेक्षा निवांत काही माहीत नाही. माझ्या आजोबांचा हात धरून मी जायचो, आता मुलीला नेतो, ती दुसऱ्याच बैठकीला मांडीवर झोपते, तिला तसंच खांद्यावर घेऊन पुढच्या बैठकीला जायचं, तो भार खांद्यावर असताना ऐकलेलं गाणं वेगळंच लागतं.

त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीवर नौका सोडतात, लोकांनी स्वतः बनवलेल्या, दिव्यांनी सजवलेल्या, तेही एकदा बघाच. यंदा चुकलं असेल तर पुढच्या वर्षी.

---

किनाऱ्यावरचा:

एक गोष्ट सांगू का, राग मानू नका कोणी. आम्ही कांदोळीला दोन खोल्या भाड्याने देतो. तुम्ही ज्याला निवांत म्हणता ते दिवस आमचे सगळ्यात धावपळीचे. पावसाने भिंती सोललेल्या असतात, रंग, गाद्या उन्हात, गंजलेली कडी-कोयंडे बदला, किनाऱ्यावर शॅकवाले माडाची झापं बांधतायत, सगळं नाताळच्या आत. तरीपण... पाच वाजता रंगाचे डबे बंद केले की मी किनाऱ्यावर जातो, हातपाय वाळूने घासतो, रंग निघतो वाळूने, आणि पाण्यात उभा राहतो. त्या वेळी किनाऱ्यावर आमचीच माणसं असतात, नमस्कार करायला मिळतो, कसा आहेस विचारायला मिळतं. डिसेंबरात तेच लोक समोरून गेले तरी बोलायला वेळ नसतो. ते पंधरा-वीस दिवस मला हवेच असतात.

---

दादरहून_गोंयकार:

मी उलट प्रवास केलेला, पणजीचा, बावीस वर्षं दादरला. मुंबईतही हे दिवस असतात हो, सापडायला वेळ लागतो एवढंच. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत अर्धी मुंबई गावाला गेलेली असते, तेव्हा पहाटे फाइव्ह गार्डन्सला चालायला जायचं, किंवा रविवारी सकाळची रिकामी लोकल पकडून नुसतं चर्चगेटला जाऊन चालत यायचं. थंडी लागली की शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. पण मतलई वारा वाचून डोळे भरले काका. आणि ताई, माझ्यासाठी एक करा, पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की खिडकी उघडून दोन गरम पोयी घ्या, आणि लगेच खा, चहा होईपर्यंत थांबू नका.

---

नवी_मळेकरीण:

सगळ्यांना मनापासून थँक्यू, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. काल रविवार होता म्हणून लगेच गेले. साडेसहाला मारुतीच्या पायऱ्यांवर बसले, काका, वारा तुम्ही म्हणता तसाच, कोरडा, केस सुटे ठेवले होते ते चिकटले नाहीत, जूननंतर पहिल्यांदा. खाली मळ्यातल्या कौलांवरून धूर वर येत होता, सरळ रेषेत. एक आजी पायऱ्या झाडत होत्या, त्यांनी विचारलं कोणाची गो तू, मी सांगितलं भाडेकरू, तर म्हणाल्या मग बस, घाई कसली.

तिथून खाली उतरून मार्केटला गेले. तांबडी भाजी आलीय, ताळगावहून, मुळांना माती तशीच ओली, जुडी हातात घेतली तर बोटं लालसर झाली. शेवंती पण भरपूर. बांगडे इतके ताजे की डोळे काचेसारखे, नुस्तेवाली बाई निवडून देत होती आणि मागच्या गिऱ्हाइकाशी तिच्या मुलीच्या नाटकाच्या तालमीबद्दल बोलत होती, जत्रेच्या नाटकात मुलगी काम करतेय म्हणे, मागचं गिऱ्हाईकही आरामात ऐकत होतं. मुंबईत मी त्या रांगेत चिडले असते. काल मीही विचारलं नाटक कुठलं, कधी आहे.

पोयी खिडकीशी उभ्यानेच खाल्ली, दादरकर, तुमच्या नावाने.

रायबंदरला येत्या शनिवारी जायचं ठरवलंय. चोडणकर ताई, ओहोटी किती वाजता असते ते कसं कळतं? आणि संध्याकाळी मिरामार बरं की खाडीच?

---

चोडणची_फेरी:

कुठल्याही कोळ्याला विचारा तो बोटांवर मोजून सांगेल 😊 भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे शुक्रवारी तुमच्या ओरेंच्या खाडीत पाणी किती वाजता सगळ्यात खाली जातं ते बघून ठेवा, शनिवारी त्यात पाऊण तास मिळवा. खाडी मांडवीलाच मिळते त्यामुळे फार फरक पडत नाही. सातच्या फेरीला मी असते, शनिवारी मला अर्धा दिवसच काम, निळी छत्री, पाऊस नसला तरी उन्हासाठी असतेच हातात. हाक मारा.

---

आल्तिनोची_पायरी:

मिरामारला एकदा जाच, पण पावणेसहाला पोच, सहाला सूर्य बुडतो. जूनमध्ये तो आग्वादच्या बाजूला बुडायचा आणि सात वाजून जायचे, आता काबोच्या टोकाकडे सरकलाय. वाळूत त्या अंगाला तोंड करून बस. येताना कांपालच्या मोठ्या झाडांखालून चालत ये, बस घेऊ नको.

पायऱ्या झाडणाऱ्या आजी भेटल्या म्हणालीस, त्यांना माझा नमस्कार सांग. शाळेत असताना आम्ही त्यांच्या अंगणातल्या चिंचा पाडायचो.