आई म्हणते घाम येतोय ना, मग काही नाही. खरं का?

भांडुपची लेक: टेकडीवर पत्र्याची खोली आहे आमची. आई पोळी-भाजीच्या ऑर्डरी घेते. दोन शेगड्या पेटलेल्या आणि ज्योत विझते म्हणून पंखा बंद. एप्रिल लागल्यापासून तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. काल पोळी लाटता लाटता ओट्याला धरून खालीच बसली. पारा तर ३४च होता. बीपीची गोळी चालू आहे. काय करू?

सिस्टर, कुर्ला: अगं, घामावर जाऊ नकोस. घाम वाळला तरच अंग थंड होतं आणि आपल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून इथे ३४ही झेपत नाही, त्यात वर पत्रा आणि समोर तवा.

गोळे, चक्कर, मळमळ ही आधीची पायरी. तिथेच गॅस बंद. दाराशी वाऱ्याला बसव, अंग ओल्या फडक्याने पूस, घोट घोट पाणी दे. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी असल्याने हे रोज द्यायचं का, ते डॉक्टरांना विचार. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तेही विचार. गोळी मात्र मनाने बंद करू नकोस.

आई असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या गेल्या, फिट आली की तो उष्माघात समज. अंग कोरडं पडायची वाट बघू नकोस, राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असतो. लगेच १०८ लाव. गाडी येईपर्यंत अंगावर बादलीने पाणी ओत, पंखा लाव, काखेत, जांघेत, मानेला फडक्यातला बर्फ ठेव. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काही कामाची नाही.

घाटकोपरचा काका: एप्रिल २०२३ला खारघरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेली माणसं गेली, ते विसरवत नाही. पत्र्याला वरून पांढरा रंग मारा, खोलीत फरक पडतो.

भांडुपची लेक: सिस्टर, कोकम सरबत चालेल का? ते ती आवडीने पिते.

सिस्टर, कुर्ला: चालेल, मीठ बेताने घाल. आणि तहान लागायच्या आधी पाज. ऑर्डरी पहाटे उरकता आल्या तर बघ. चक्कर आलीच आहे, तेव्हा उद्याच दवाखान्यात ने.